कृष्णा-पंचगंगेचे महापूर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, शिरोळ, सांगली, पलूस या पट्ट्यात जुलै उजाडला की तेच ते प्रश्न फिरू लागतात. अलमट्टीचं काय? कोयनेतून किती सोडलं? आमच्या गल्लीत पाणी येणार का? त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही छोटी आहेत, काही लांबली आहेत. जिथे आकडेमोड लागते तिथे ती टाळलेली नाही.

बातम्यांमध्ये ‘राजाराम बंधारा ४१ फूट’ म्हणतात. म्हणजे नदी ४१ फूट खोल आहे का?

नाही. कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर मोजपट्टी रंगवलेली आहे. तिच्या शून्यापासून पाणी किती वर आलं, तेवढंच हा आकडा सांगतो. नदीची खोली किंवा समुद्रसपाटीपासूनची उंची वेगळी. इथे ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी.

सांगलीत मोजमाप आयर्विन पुलाजवळ होतं. तिथे इशारा ४० फुटांना, धोका ४५ फुटांना. दोन्ही पट्ट्यांचे शून्य वेगवेगळे असल्यामुळे ‘कोल्हापुरात ४३ आणि सांगलीत ४३’ यांची तुलना करू नये. सांगलीत ४३ म्हणजे धोका पातळीला अजून दोन फूट बाकी असतात, पण सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर भागात तोवर पाणी आलेलं असतं. म्हणजे ‘धोका पातळी’ हा शहराचा सरासरी हिशेब झाला. तुमच्या उंबऱ्याचा आकडा त्याहून वेगळा असतो आणि तो तुम्हालाच काढून ठेवावा लागतो.

तो उंबऱ्याचा आकडा कसा काढायचा?

मागच्या पुरात तुमच्या पायरीला पाणी लागलं त्या वेळी बंधाऱ्यावर किंवा पुलावर किती फूट होतं, ते शोधा. त्या दिवसाचं वर्तमानपत्र, शेजाऱ्याच्या मोबाइलमधला वेळ नोंदवलेला फोटो, नाहीतर ग्रामपंचायतीची नोंदवही, यांपैकी काहीतरी सापडतंच. तो आकडा मीटरच्या पेटीजवळ ऑइलपेंटनं लिहून ठेवा. २०१९ आणि २०२१ च्या पाण्याच्या खुणा भिंतीवर असतील तर चुना मारताना त्या पुसू नका.

यानंतर चढण्याचा वेग बघायचा. समजा सकाळी नऊला ४१ फूट आहे आणि पाणी तासाला ३ इंचांनी चढतंय. ४३ फूट गाठायला २४ इंच हवेत, म्हणजे आठ तास, संध्याकाळी पाचच्या सुमारास. वेग तासाला इंचावर आला तर तेच अंतर पूर्ण दिवसाचं होतं. नुसता आकडा ऐकून घाबरण्यात किंवा निर्धास्त होण्यात अर्थ नाही. लागोपाठच्या तीन-चार नोंदी कागदावर लिहिल्या की नदीची चाल कळते.

‘इतके बंधारे पाण्याखाली’ ही बातमी दरवर्षी असते. ती काळजीची आहे का?

नाही, तेवढ्यानं काळजी करू नये. राजाराम, सुर्वे, रुई, इचलकरंजी, तेरवाड, शिरोळ हे पंचगंगेवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्याआधी त्यांचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) काढून ठेवतात, पावसाळा सरला की पुन्हा घालतात. बांधकाम मुळातच पुराचं पाणी डोक्यावरून जाऊ देण्यासारखं केलेलं आहे, म्हणून जूनअखेर-जुलैत ते बुडणं नेहमीचंच. खरा परिणाम वाहतुकीवर होतो. बंधाऱ्यावरून पलीकडच्या गावाला जाणारा जवळचा रस्ता बंद पडतो आणि वळसा घालावा लागतो. बर्गे वेळेत निघाले नाहीत तर मात्र ओंडके, उसाचा पाला आणि जलपर्णी अडकून पाणी तुंबतं. त्याची चौकशी पाऊस सुरू व्हायच्या आधीच करावी.

मोठे पूर नक्की कोणते, आणि कोणता किती?

जुनी माणसं १९८९ च्या पुराचे दाखले देतात. आजच्या पिढीच्या तोंडी तीन सालं असतात: २००५, २०१९, २०२१.

२००५ च्या जुलैअखेरीस आणि ऑगस्टच्या सुरुवातीला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी साडेत्रेपन्न फुटांच्या वर गेलं. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर ते पन्नासच्या आसपास होतं. चौदा वर्षं हाच ‘सर्वांत मोठा पूर’ मानला गेला आणि घरं बांधताना लोकांनी जोत्याची उंची त्यावरूनच ठरवली.

ऑगस्ट २०१९ नं तो हिशेब मोडला. सांगलीत साडेसत्तावन्न फुटांच्या घरात, कोल्हापुरात साडेपंचावन्नच्या वर. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ अनेक दिवस बंद राहिला. दुधाचं संकलन थांबलं, पेट्रोल-डिझेल मिळेना, शिरोळ तालुक्यातल्या कित्येक गावांभोवती चारी बाजूंनी पाणी. २००५ ची खूण धरून माळ्यावर ठेवलेलं सामानही भिजलं.

जुलै २०२१ मध्ये कोल्हापुरानं स्वतःचाच उच्चांक ओलांडला: ५६ फुटांच्या वर. सांगलीत मात्र पाणी ५५ च्या आसपास थांबलं, म्हणजे २०१९ पेक्षा कमी. जुलै २०२४ मध्येही राजाराम बंधाऱ्यानं ४७ फूट ओलांडले. वीस वर्षांत इतक्यांदा धोका पातळी ओलांडली गेल्यावर ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे शब्द जपूनच वापरावेत.

२०१९ आणि २०२१ मध्ये फरक काय होता?

दोन्ही पूर पावसामुळेच आले, पण घडण वेगळी. २०१९ मध्ये जुलैअखेर धरणं भरत आली होती. त्यावर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घाटमाथ्यावर दिवसेंदिवस पाऊस कोसळत राहिला. धरणांत जागा नाही, नद्या आधीच तुडुंब, रानं पाण्यानं मऊ झालेली. आलेला प्रत्येक थेंब सरळ पात्रात. म्हणून तो पूर रेंगाळला. पाणी चढलं, थबकलं आणि उतरायलाही आठवडा लावला.

२०२१ चा पाऊस दोन-तीन दिवसांचा होता, पण तीव्रता भयंकर. २२-२३ जुलैला महाबळेश्वरात २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच पावसात २२ जुलैला चिपळूण बुडालं, महाडजवळच्या तळिये गावावर दरड कोसळली, पाटण तालुक्यातही दरडी आल्या. धरणांत तेव्हा बरीच जागा शिल्लक होती. तरी कोल्हापूर बुडालं, कारण बराचसा पाऊस धरणांच्या खालच्या बाजूच्या मोकळ्या पाणलोटात पडला. या पाण्याला कुठलाच दरवाजा अडवू शकत नाही.

पण कोल्हापूरच्या वर एवढी धरणं आहेत ना? ती पूर का रोखत नाहीत?

आकडे मांडले की उत्तर समोर येतं. पंचगंगेच्या उपनद्यांवरची जुनी मुख्य धरणं आणि त्यांची क्षमता अशी: राधानगरी ८.३६ टीएमसी (एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट), तुळशी ३.४७, कासारी २.७७, कुंभी २.७१. बेरीज सतरा टीएमसीच्या थोडी वर. (काळम्मावाडीचं दूधगंगा धरण २५.३९ टीएमसीचं आहे, पण दूधगंगा पंचगंगेला मिळत नाही. ती पुढे जाऊन थेट कृष्णेला मिळते.)

आता पावसाचा हिशेब. हजार चौरस किलोमीटरवर २०० मिलिमीटर पाऊस पडला तर सुमारे सात टीएमसी पाणी होतं. जमीन आधीच भिजलेली असेल तर त्यातलं बहुतेक वाहून नदीतच येतं. घाटाकडच्या पट्ट्यात असा पाऊस लागोपाठ दोन-तीन दिवस पडू शकतो. चारही धरणं पूर्ण रिकामी ठेवली तरी एका जोराच्या फेऱ्यात त्यांची क्षमता संपेल, आणि जुलैत ती रिकामी नसतातच.

शिवाय ही धरणं सिंचनाची आणि पिण्याच्या पाण्याची. १५ ऑक्टोबरला ती भरलेली हवीत, नाहीतर एप्रिलमध्ये ओरड होते. पूर अडवायला धरण रिकामं हवं आणि उन्हाळ्यासाठी ते भरलेलं हवं. परिचलन सूची याच ओढाताणीतून निघते: कोणत्या तारखेला किती टक्के भरू द्यायचं, हे ती ठरवते. पाण्याचं वर्ष हातचं जाईल या भीतीनं धरण लवकर भरून घेण्याकडे कल राहतो. आमच्या मते ऑगस्टच्या मध्यापर्यंत जागा राखणं हाच त्यातला शहाणपणाचा मार्ग. त्यासाठी एखाद्या वर्षी थोडी तूट सोसायची तयारी मात्र हवी.

टीएमसी आणि क्युसेक यांचा मेळ कसा घालायचा?

टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी, हा साठा. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, हा वेग. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २८.३ लिटर. ११,५७४ क्युसेक विसर्ग चोवीस तास चालू राहिला तर एक टीएमसी पाणी जातं. एवढा एक आकडा पाठ ठेवला तरी बातम्यांमधलं अर्धं गूढ उकलतं.

उदाहरण म्हणून राधानगरी घ्या. तिथे सात स्वयंचलित दरवाजे आहेत आणि एका दरवाजातून १,४२८ क्युसेक पाणी पडतं, म्हणजे दर सेकंदाला दहा हजार लिटरचे चार टँकर. सातही उघडले तर जवळपास दहा हजार क्युसेक, दिवसाला पाऊण टीएमसीहून थोडं जास्त. हे दरवाजे तलाव भरला की पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात आणि पातळी उतरली की मिटतात. ‘मध्यरात्री कुणी उघडले?’ असा संताप दरवर्षी व्यक्त होतो, पण तिथे कुणी बटण दाबत नसतं.

कोयनेचं चित्र निराळं. क्षमता १०५.२५ टीएमसी आणि दरवाजे माणसं चालवतात. तिथे लाख क्युसेकनं पाणी येत असेल तर दिवसाला साडेआठ टीएमसीची भर पडते. दहा टीएमसी जागा राखली असली तरी ती सव्वा दिवसात भरते. मग जेवढं येतं तेवढं सोडण्याखेरीज पर्याय उरत नाही.

धरणातून सोडलेलं पाणी आपल्यापर्यंत यायला किती वेळ लागतो?

राधानगरीहून कोल्हापूरला साधारण अर्धा दिवस. कोयनेहून कराडमार्गे सांगलीला दिवस ते दीड दिवस. नदी आधीच फुगलेली आहे का, वारणेचं पाणी किती आहे, यावर हे मागेपुढे होतं. म्हणूनच विसर्गाची बातमी आली की घड्याळ लावायचं. ‘सोडलं म्हणे, पण इथे तर काहीच नाही’ असं चार तासांनी म्हणणं घाईचं ठरतं.

पंचगंगेचं पाणी उतरायला इतका वेळ का लागतो?

या सगळ्या विषयाचा गाभा हाच प्रश्न आहे. लोक घाटातला पाऊस मोजतात, पण पूर किती दिवस बसणार हे शिरोळात ठरतं.

कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि लोकश्रद्धेतली गुप्त सरस्वती अशा पाच नद्यांची पंचगंगा प्रयाग चिखलीला होते. उगमाकडचा प्रदेश उताराचा आणि प्रचंड पावसाचा. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, तर शिरोळ तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. पाणी घाटातून धावत येतं आणि कोल्हापूरच्या खाली सपाट काळ्या रानात नदी वळणं घेत संथ होते. पुढे नृसिंहवाडीला ती कृष्णेला मिळते.

संगमावर कृष्णा आधीच भरलेली असेल, म्हणजे कोयना-वारणेचं पाणी घेऊन आली असेल, तर पंचगंगेला बाहेर पडायला वाट राहत नाही. पाणी मागे सरकतं. यालाच फुगवटा म्हणतात. संगमापासून कुरुंदवाड, इचलकरंजी, रुई असा तो मागे चढत जातो. कोल्हापुरात पाऊस थांबून ऊन पडलेलं असतं, तरी राजाराम बंधाऱ्यावर दिवसभरात चार-सहा इंचच उतरतात. लोक म्हणतात, ‘पाऊस नाही, मग पाणी का हलत नाही?’ तेव्हा नजर आयर्विन पुलाच्या आकड्याकडे वळवावी. कृष्णा उतरल्याशिवाय पंचगंगा मोकळी होत नाही.

त्यात माणसानं घातलेली भर आहेच. नदीच्या पसरटात टाकलेले उंच भराव, पुलांच्या जोडरस्त्यांना ठेवलेल्या अपुऱ्या मोऱ्या, पूररेषेच्या आतले प्लॉट. पसरट म्हणजे नदीची पावसाळ्यातली जागा. ती अडवली की तेवढंच पाणी जास्त उंच चढतं. शिरोलीजवळच्या महामार्गाच्या भरावाबद्दल इथली माणसं जे बोलतात ते यासाठीच. पुढची दुरुस्ती भराव वाढवून करायची की कमानींवर रस्ता उचलून, हा वाद तांत्रिक दिसला तरी त्यावर वरच्या गावांचं पाणी ठरतं.

नृसिंहवाडीचा दक्षिणद्वार सोहळा म्हणजे पुराची खूण का?

एका अर्थी, हो. कृष्णेचं पाणी चढत मंदिरात उत्तरेच्या दारानं शिरतं, दत्तपादुकांवरून वाहतं आणि दक्षिणेच्या दारानं बाहेर पडतं. त्या प्रवाहात स्नानासाठी गर्दी होते. एका पावसाळ्यात हा योग अनेकदा येऊ शकतो आणि त्यात भिण्यासारखं काही नसतं. पाणी त्याहून वाढलं की उत्सवमूर्ती उंचावर हलवतात. वाडी-कुरुंदवाडची माणसं बातमीपेक्षा मंदिरातल्या पाण्यावरच जास्त भरवसा ठेवतात, आणि त्यात चूक नाही. ही मोजपट्टी थेट संगमावर आहे.

अलमट्टीमुळे पूर येतो, हे खरं की खोटं?

‘फक्त अलमट्टीमुळे’ हे खोटं. ‘अलमट्टीचा काही संबंधच नाही’ असं म्हणून विषय मिटवणंही घाईचं.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाची पूर्ण संचय पातळी ५१९.६० मीटर आणि साठा सुमारे १२३ टीएमसी. त्याच्या वर हिप्परगीचा बॅरेज आहे. २०१९ च्या पुरानंतर नेमलेल्या वडनेरे समितीनं २०२० मध्ये अहवाल दिला. अतिवृष्टी हे मुख्य कारण आणि अलमट्टीच्या फुगवट्यामुळे पूर आला नाही, असा त्याचा सूर होता. सांगली-शिरोळच्या अनेक अभ्यासकांना आणि पूरग्रस्तांच्या संघटनांना तो मान्य नाही. त्यांचं म्हणणं असं की कागदावरच्या सपाट पाण्याच्या रेषेवरून फुगवटा ठरवता येत नाही. वाहत्या नदीचं पाणी उतार घेऊन वर चढतं आणि साठलेल्या गाळानं पात्राची वहनक्षमता घटते.

व्यवहारात महत्त्वाचं ते हे: घाटात मोठा पाऊस सुरू झाला की अलमट्टीतला विसर्ग आवक वाढायच्या आधी वाढायला हवा. २०१९ मध्ये तो पुढे पाच लाख क्युसेकच्या वर गेला. आता पावसाळ्यात दोन्ही राज्यांचे अभियंते रोज आकड्यांची देवाणघेवाण करतात. म्हणून बातमी वाचताना अलमट्टीची पातळी, आवक आणि जावक हे तिन्ही आकडे एकत्र बघा. आवकेपेक्षा जावक कमी आणि पातळी चढती असेल तर प्रश्न विचारायला हक्काची जागा आहे.

उंची वाढवण्याचा विषय वेगळा. कृष्णा पाणीवाटपाच्या दुसऱ्या लवादानं २०१० मध्ये ५२४.२५६ मीटरपर्यंत साठा करायला मुभा दिली. महाराष्ट्राचा त्याला विरोध आहे.

कोयनेचं जादा पाणी पश्चिमेला, कोकणात का सोडत नाहीत?

सोडता येतं ते फक्त वीज करून, आणि बोगद्यांत मावेल तेवढंच. १,९६० मेगावॉटच्या कोयना प्रकल्पाला पश्चिमेकडे वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी वळवण्याची मर्यादा आहे. सरासरी काढली तर दिवसाला ०.१८ टीएमसी. पुराच्या दिवशी साडेआठ टीएमसी येत असताना त्यातून काय साधणार? शिवाय ते पाणी वाशिष्ठीत उतरतं, आणि वाशिष्ठीच्या काठी चिपळूण आहे. घाटाच्या या बाजूला पाऊस असतो तेव्हा त्या बाजूलाही असतोच.

नदी आमच्यापासून लांब आहे. तरी घरात पाणी कुठून आलं?

बहुधा नाल्यातून. कोल्हापुरात जयंती नाला एरवी शहराचं पाणी नदीत नेतो. पंचगंगा चढली की नदीचं पाणी नाल्यातून उलटं शहरात शिरतं. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली, नागाळा पार्क या बाजूला पाणी येतं ते असं, तळातून. त्याआधी नदीलगतच्या सुतारवाड्यातली कुटुंबं हलवलेली असतात. पहिली खूण रस्त्यावर दिसत नाही. बाथरूमच्या जाळीतून बुडबुडे येतात, संडासाचं पाणी उतरत नाही, तळघरात वास सुटतो. तेव्हा जाळीवर प्लॅस्टिकचा कागद आणि वर वाळूचं पोतं ठेवलं तर काही तास मिळतात. तेवढा वेळ सामान उचलायला वापरा. पाणी बाहेर साचलेलं असताना तळमजल्यातून ते उपसण्याच्या नादी लागू नका. उपसाल तितकं परत येईल, आणि बाहेरचा दाब कच्च्या भिंतीला पाडूही शकतो.

घर कधी सोडायचं?

रस्ता बुडायच्या आधी. घर बुडायची वाट बघायची नाही. गावातून बाहेर पडणाऱ्या रस्त्याचा सखल भाग कोणत्या पातळीला बुडतो ते ठाऊक हवं. उंबऱ्याइतकाच तो आकडा मोलाचा. प्रयाग चिखली, आंबेवाडी किंवा राजापूर, खिद्रापूरसारख्या गावांत रस्ता गेला की होडीच उरते.

होडीबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. ८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून लोकांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि १७ जणांचा जीव गेला. होडीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. लाइफ जॅकेट असेल तरच आणि ठरल्या संख्येतच बसायचं, कुणी हाका मारल्या तरी एका बाजूला झुकायचं नाही. दुसरी फेरी येते. मदतीसाठी ११२, जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७, रुग्णवाहिकेसाठी १०८.

निघताना मुख्य स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर काढलेला, सिलिंडर बांधलेलं. कागद (सातबारा, आधार, बँकेचं पुस्तक, विमा, रेशनकार्ड) दोन प्लॅस्टिक पिशव्यांत, आणि प्रत्येकाचा फोटो मोबाइलवर. रोजच्या गोळ्या पंधरा दिवसांच्या.

जनावरांचं काय करायचं?

माणसांच्या आधी हलवा. रात्री, पाण्यातून, चार म्हशी नेणं ही कसरत जमत नाही, आणि ‘जनावरं सोडून येत नाही’ म्हणून माणसं अडकतात. घटसर्प आणि फऱ्याच्या लसी पावसाळ्याआधीच द्या. चारा जड असतो, म्हणून दोन दिवसांचा कोरडा कडबा आधी उंचावर नेऊन ठेवा. नेता येणंच शक्य नसेल तर दावं सोडून द्या. बांधलेलं जनावर जागीच बुडतं. मोकळं जनावर उंचवटा शोधतं.

नदीकाठच्या मोटरी?

पाणी पात्राबाहेर पडायच्या आत वर काढा, आणि एकदा काढल्या की पाणी थोडं उतरलं म्हणून लगेच परत लावू नका. जुलै-ऑगस्टमध्ये नदी दोन-तीनदा तरी चढ-उतार करते. स्टार्टरची पेटी मोटरीपेक्षा आधी काढा. ती आधी बुडते आणि विसरलीही तीच जाते. बुडालेली मोटर पुसून सुरू केली तर वाइंडिंग जळणारच. उघडून, सुकवून, मेगरनं (वाइंडिंगचं इन्सुलेशन तपासणाऱ्या यंत्रानं) तपासल्याशिवाय करंट देऊ नये.

पाणी ओसरल्यावर आधी काय?

फोटो. झाडूला हात लावायच्या आधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेसकट. पंचनाम्याला आणि विम्याला हेच कामी येतं. मग गाळ, तो ओला असेपर्यंत. वाळला की सिमेंटसारखा धरतो आणि फावड्याला दाद देत नाही. गमबूट घाला, उघड्या जखमेनं चिखलात उतरू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस तापाचा) धोका असतो. ताप आला तर डॉक्टरला ‘पुराच्या पाण्यात होतो’ हे आवर्जून सांगा. कपाटाखाली, फरशीच्या फटीत साप असतात. हात घालायच्या आधी काठी घाला. भिजलेलं धान्य उन्हात वाळवून वापरण्याचा मोह टाळा. वायरमननं तपासल्याशिवाय मुख्य स्विच वर करू नका. बोर्डातली ओल दोन दिवसांत जात नाही.

गाडीत पाणी गेलं असेल तर चावी फिरवूच नका. इंजिनात पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टनचा दांडा वाकतो, आणि ‘बुडालेली गाडी सुरू केली’ या नुकसानीला साधा विमा सहसा पैसे देत नाही. बॅटरीची तार काढा आणि ओढून न्या. नुसता थर्ड पार्टी विमा असेल तर पुराचं काहीच मिळत नाही.

बुडालेली विहीर पिण्यायोग्य कशी करायची?

आधी गढूळ पाणी उपसा, निदान एकदा पूर्ण. मग टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. गोल विहिरीतलं पाणी लिटरमध्ये काढायचं सूत्र: व्यास (मीटर) गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (मीटर) गुणिले ७८५. चार मीटर व्यास आणि सहा मीटर पाणी असेल तर सुमारे ७५ हजार लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम या नेहमीच्या मात्रेनं १९० ग्रॅम पावडर लागेल. पुरानंतर सुरुवातीला ती दुप्पट धरा.

पावडर थेट विहिरीत टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात कालवून घट्ट लापशी करा, मग बादली पाऊण भरा, ढवळा आणि दहा मिनिटं ठेवा. चुना तळाला बसतो. वरचं पाणी दुसऱ्या बादलीत ओता, ती दोरानं विहिरीत पाण्याखाली सोडून हिसके द्या. चुना बाहेर फेका. तासाभरानं ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन किती उरला ते रंगावरून बघायची चाचणी. ०.५ पीपीएम क्लोरीन दिसला नाही तर मात्रा कमी पडली, परत द्या. फसगत बहुधा पावडरीत असते. पोतं उघडं राहिलं की क्लोरीन उडून जातो. २० टक्क्यांखालची पावडर वापरू नये, आणि वास येतो म्हणून ती चांगली आहे असं समजू नये. चाचणी पास होईपर्यंत पाणी उकळून प्या.

प्लॉट घेताना काय बघायचं?

निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे शंभर वर्षांतल्या पुराची. नदी आणि निळी रेषा यांच्यामध्ये बांधकाम नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये अटींसह. नकाशे जलसंपदा विभागाकडे आणि नगररचना कार्यालयात बघायला मिळतात, एजंटाच्या मोबाइलवरचा नकाशा धरू नका. ‘चार फूट भराव घातलाय’ हे ऐकून निश्चिंत होऊ नका. जागा कोरडी राहिली तरी रस्ता बुडतो, आणि तुमच्या भरावाचं पाणी शेजाऱ्याच्या घरात जातं. त्या गल्लीत दोन-तीन जुन्या घरांत जाऊन २०१९ ला पाणी कुठवर होतं ते विचारा. नकाशापेक्षा लवकर आणि बऱ्याचदा जास्त खरं उत्तर मिळतं.

ऊस किती दिवस पाण्यात तग धरतो?

शेंडा पाण्याच्या वर असेल तर ऊस बराच सोसतो. शेंडा बुडाला आणि पोंग्यात (शेंड्याच्या वाढत्या कोंबात) गाळ बसला की काही दिवसांतच पोंगा कुजतो. नंतर कांडीच्या डोळ्यांतून पांगशा (बाजूचे फुटवे) फुटतात, ऊस हिरवा दिसतो, पण वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही जातात. पाणी ओसरल्यावर आठवडाभरात पोंगा ओढून बघावा. सहज उपटून हातात आला आणि बुडाला कुजका वास असेल तर तो ऊस वाढणार नाही. चर काढून साचलेलं पाणी आधी बाहेर घालवा, खत त्यानंतर. असा ऊस कारखान्याला लवकर घालवण्यासाठी नोंद आणि पंचनामा दोन्ही हवेत, म्हणून तलाठी आणि कृषी सहाय्यक येईपर्यंत रान मोडू नका. सोयाबीनला एवढीही सवड नसते. दोन-तीन दिवस पाणी साचलं की मुळं जातात आणि पीक पिवळं पडतं.